अर्धा आवाज डब्यात

भास्करभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चोपड्याला भाचीच्या साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो. त्यांच्या मुलीने दोन वाक्यांत सांगितलं आणि फोन ठेवला. मी ताटावरून उठलो नाही, पोटभर जेवलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण गेल्या महिनाभरात त्यांच्याबद्दल मी इतकं गोड बोललोय की माझा मलाच वीट आलाय. धुळ्याच्या शोकसभेत मी त्यांना ‘प्रसिद्धीपराङ्मुख कलावंत’ म्हटलं आणि लोकांनी माना डोलावल्या. साफ खोटं होतं ते. भाऊंना नाव हवं होतं. आपलं काम चार जाणकारांनी ऐकावं म्हणून तो माणूस झुरला.

ते मूळचे शिंदखेड्याकडचे, धुळ्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मी जळगावात कॉलेजात शिकवायचो आणि वर्तमानपत्रांत गाण्यावर लिहायचो, म्हणून त्यांच्या लेखी मोठा माणूस. दुकानामागच्या खोलीत ते इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन बनवायचे. नेहमीच्या हेडफोनात चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. यात भोकं पाडलेल्या दोन पत्र्यांमध्ये केसाहून पातळ पडदा ताणलेला असतो आणि शेकडो व्होल्टवर तो थरथरतो. तसा पडदा हाताने ताणणारा माणूस अख्ख्या खानदेशात दुसरा नसेल. पण खरा जीव त्यांनी अॅम्प्लिफायरमध्ये ओतला होता. जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा, पत्र्याच्या पेटीतला, उचलताना कंबर धरावी असा. त्याला ते ‘डब्बा’ म्हणत. मी एकदा म्हटलं, कुठलाही चांगला अॅम्प्लिफायर जोडला म्हणजे झालं की. भाऊ हसले. “सर, ह्या पडदाले करंट नही लागस, व्होल्टेज लागस. अर्धा आवाज ह्या डब्बामा शे.” साध्या अॅम्प्लिफायरला मधे ट्रान्सफॉर्मरचं खोकं लावूनही हे हेडफोन वाजतात, पण मग खर्ज ढासळतो आणि आवाज चढला की चिरकतो, हेही त्यांनी समजावलं. मी मान हलवली. माझं लक्ष चहाकडे होतं.

पुण्यातल्या एका हौशी श्रोत्यांच्या मंडळाने माझा लेख वाचून हेडफोन ऐकायला मागवले. पसंत पडले तर दहा जोड्या करून घेणार होते. भाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून मी एकटा निघालो. त्यांनी डबा गोधडीत गुंडाळून दिला. मी तो जळगावला घरी आणला आणि सकाळी स्टेशनवर निघताना दिवाणाखाली सरकवून ठेवला. पाठ दुखत होती, हे एक. दुसरं म्हणजे, पुण्याच्या त्या उंची दिवाणखान्यात गोधडीतली पत्र्याची पेटी घेऊन जायची मला लाज वाटली. त्यांच्याकडे विलायती सामान असणार, ते आपल्या डब्यापेक्षा भारीच असेल, असं मी धरून चाललो... खानदेशातल्या शिकलेल्या माणसाची ही खोड आहे, पुणं दिसलं की आपलं ते हलकं वाटायला लागतं.

त्यांनी आपला महागडा अॅम्प्लिफायर ट्रान्सफॉर्मरच्या खोक्यातून जोडला. भाऊंनी सांगितलं होतं तेच झालं. पखवाज पोकळ वाजला, तार सप्तकात गायिका चिरकली. “पडदा कच्चा आहे,” एक गृहस्थ म्हणाले. डबा मागे राहिलाय, असं मी तेव्हा तरी म्हणायचं होतं. मी गप्प बसलो.

परत येऊन हेडफोन आणि डबा दोन्ही धुळ्याला पोचवले. “डब्बा आदळला तर नही ना?” भाऊंनी विचारलं. मी नाही म्हटलं आणि पुणेकरांना पडदा कच्चा वाटला एवढंच सांगितलं. त्यानंतर सात वर्षं ते पडदाच बदलत राहिले. अजून पातळ, अजून ताणून. निम्मे ताणतानाच फाटायचे. डब्याला मात्र त्यांनी हात लावला नाही, कारण तो पुण्यात वाजून आलाय अशी त्यांची समजूत होती. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो, फाटलेले पडदे पाहायचो आणि जिद्द सोडू नका म्हणायचो.

परवा भाऊंच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. त्यांनी कपाटातून पुण्याला नेलेली तीच जोडी काढली आणि म्हणाल्या, एकदा लावून बघा. डबा तापू दिला, हेडफोन कानाला लावले. आधी तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या उभ्या राहिल्या, मग पखवाजावरची थाप भरीव, गोल आली. गायिकेने तार षड्ज लावला तरी कुठे ओरखडा नाही. पडद्यात काहीच खोट नव्हती. वीस वर्षांच्या ओळखीत मी हे पहिल्यांदाच बसून ऐकत होतो.

वहिनी समोर उभ्या होत्या. “चांगलं वाजस ना, सर?” मी मान डोलावली. “मंग त्या पुनावालासले का बरं नही आवडनं?”

हे हेडफोन कान बंद करत नाहीत, बाहेरचा शब्द न शब्द ऐकू येतो. वहिनींना ते ठाऊक नाही. मी डोळे मिटून घेतले आणि गाण्यात बुडाल्यासारखं दाखवलं. थोडा वेळ थांबून त्या चहा ठेवायला आत गेल्या.

वहिनी वर्तमानपत्राची ही पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहिलं.