खळीतला निळा रंग

ठाण्याच्या एका शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या त्र्यंबक कर्णिकांना उभ्या आयुष्यात एकच वेड लागलं, आणि तेही मातीचं. दर रविवारी येऊरच्या रानात जायचं, ऐनाच्या मुळांना बिलगलेली पांढरी बुरशी ओल्या मातीसकट उकरायची आणि घरी मडक्यात जपायची. लोक हसत. हसोत बापडे. ही बुरशी कसलासा रस सोडते, त्याने पाचोळा विरतो आणि झाडाला घास मिळतो, हे मास्तरांना सिद्ध करायचं होतं.

त्यांची घरगुती परीक्षा साधी होती. कपड्यांच्या खळीत आयोडीनचा थेंब टाकला की ती निळी होई. त्यात मडक्यातल्या मातीचं पाणी घातलं की तासाभरात निळा रंग उडून जाई. पत्नी वासंतीला त्याची भारी गंमत. "गेला हो निळा," असं तीच आधी ओरडायची. पण ही करामत बुरशीची, हे मास्तरांनी तिला कधी सांगितलं नाही. तिला काय कळणार त्यातलं! इथेच हा शहाणा माणूस चुकला.

त्रेपन्न सालच्या चैत्रात कंत्राटदाराने ऐनाचा तो पट्टा तोडला आणि उरलासुरला झाडोरा जाळला. आता काय ती घरातली आठ मडकी. मुंबईच्या एका प्राध्यापकांनी ती तपासायचं कबूल केलं होतं.

वैशाखात मास्तर पेपर तपासायला चार दिवस पुण्याला गेले. इकडे वासंतीने वर्षाच्या बेगमीचं काम काढलं. मडक्यांवरची फडकी उचलते तो आत पांढरं जाळं आणि कुबट वास. नवऱ्याचा जीव या मातीत आहे, ती नासू कशी द्यायची? रवा भाजून ठेवतात तशी तिने ती जुन्या कढईत भाजली, चाळली आणि पुन्हा भरून ठेवली.

"बुरशी धरली होती हो," मास्तर आल्यावर ती कौतुकाने म्हणाली. "आता वर्षभर बघायला नको."

मास्तरांनी लगेच खळ मागितली. आयोडीन टाकून तीत आठही मडक्यांतल्या मातीचं पाणी घालून पाहिलं. दोन तास गेले.

"आज निळा जात नाही का हो?"

"नाही जायचा. आता कधीच नाही."

मग त्यांनी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग उठली आणि लख्ख घासून ठेवलेली कढई पुन्हा राखेने घासायला बसली.