शालनमावशींची समुद्री चटणी

शालनमावशी कधी बेल वाजवत नसत. लेटरबॉक्सची झडप उचलून आत ओरडायच्या, "अगं उघड, हात भरलेत माझे!" हात भरलेले असताना झडप कशी उचलतात, हे विचारायची सोय नव्हती. इथे इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीत, व्हिसावर आलेल्या ज्या मुलींच्या आयांना यायला जमायचं नाही, त्यांचं बाळंतपण मावशींकडे. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती, एवढंच.

माझ्या वेळी डिंकाच्या लाडवांसोबत एक काळपट चटणीची बरणी आली. मावशींची शेजारीण कोरियन. त्यांच्यात बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं सूप देतात, हे ऐकून मावशी हरखल्या होत्या. "समुद्रातली पालेभाजीच गं ती!" सुपाच्या रश्शासाठी शेजारीण दुसऱ्या एका शेवाळाच्या जाड पट्ट्या पाण्यात उकळायची आणि पाणी ठेवून पट्ट्या फेकून द्यायची. मावशींना ते बघवेना. "एवढं पौष्टिक टाकायचं? आपल्यात नाही हो चालत असं." त्यांनी उकळायची भानगडच ठेवली नाही. कोरड्या पट्ट्या तव्यावर भाजल्या, तीळ-लसूण घालून कुटल्या. तूप-भातावर ती चटणी अशी काही लागायची की मी दोन्ही वेळा भरपूर घ्यायची.

नवजात बाळांच्या तपासणीसाठी माझ्या लेकीच्या, ईराच्या, टाचेतून रक्त घेऊन गेले, त्यानंतर हॉस्पिटलातून फोन आला. थायरॉइडचा रिझल्ट बॉर्डरलाइन आहे, टेस्ट पुन्हा करायची. मग नर्सने विचारलं, "तुमच्या खाण्यात सीवीड आहे का?" मी चटणीचं सांगितलं, तशी ती समजावू लागली. थोडं शेवाळ चांगलं, पण या जाड जातीत आयोडीन भरमसाट असतं, ते दुधातून बाळाला जातं, थायरॉइड मंदावू शकतं. वेळीच कळलं नाही तर मेंदूची वाढ... फोन ठेवला आणि मी मावशींना बोलावून घेतलं.

मावशी वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मी घातलं हे तिच्या पोटात?" ईराला घ्यायला पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. मी चिडले होते, भयंकर चिडले होते. पण तो चेहरा बघून मी फक्त बरणी त्यांच्यासमोर ठेवली.

मग माझ्यासमोर बसून त्यांनी ती चटणी दिलेल्या एकेका मुलीला फोन लावला. "शालनमावशी बोलतेय. ती चटणी आत्ताच्या आत्ता बिनमध्ये टाक. बाळाला तुझ्या जीपी डॉक्टरकडे ने. चूक माझी आहे, तुझी नाही." बर्मिंगहॅमला राहायला गेलेली मेघना फोन उचलेना, आणि तिचं बाळ तर अगदी तान्हं. गुडघे दुखत असताना मावशी ट्रेन पकडून तिच्या दारात गेल्या आणि बरणी परत घेऊन आल्या.

टेस्ट पुन्हा झाली. रिपोर्ट येईपर्यंत ईरा जरा जास्त झोपली की मला धडकी भरायची. सारखं तिच्या नाकाशी बोट धरायची मी. मावशी रोज यायच्या, "प्यायली का गं?" एवढं विचारायच्या आणि उंबऱ्यावरूनच परत जायच्या.

रिपोर्ट नॉर्मल आला. मेघनाच्या बाळाचाही. मी रडत रडत मावशींना मिठी मारली. "सुटलो हो मावशी! आता घाबरू नका."

"नको गं, असू दे भीती," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं लेकरू हाती घेणाऱ्याला ती हवीच. मला नव्हती, तेच चुकलं."