दामूअण्णांचा पांढरा सॉस

सापगावच्या दामूअण्णा गोजरांना देवाने पुष्कळ काही दिले होते. नदीकडची भातखाचरे दिली, रखमीसारखी खणखणीत आवाजाची बायको दिली, संदेशसारखा सरळ मुलगा दिला आणि दगडही पचवील असे पोट दिले. द्यायचा राहिला तो एकच शब्द, ‘नाय’. ज्या मुलखात माणसे बोलायला सुरुवातच ‘नाय’ने करतात, तिथे हा माणूस जन्मभर त्या शब्दावाचून जगला.

एकदा ते भाच्याच्या लग्नाला म्हणून मुरबाडला गेले आणि एसटीतून उतरून भलत्याच मांडवात शिरले. दारात कोणी गुलाबपाणी शिंपडले, कोणी हाताला धरून पंगतीत बसवले. आता उठून ‘चुकलो’ म्हणायचे तर वाढणाऱ्याचा हिरमोड! अण्णा जेवले. जेवलो तर आहेर नको का, म्हणून भाच्यासाठी आणलेला स्टीलचा डबा त्यांनी त्या अनोळखी नवरदेवाच्या हातात ठेवला. पाठवणीला मुलीची आई हुंदके देऊ लागली तेव्हा अण्णांच्याही डोळ्यांना धार लागली. भाच्याच्या मांडवात ते पोचले तेव्हा तिथे पत्रावळी आणि कुत्री तेवढी उरली होती. “भीड भिकेची बहीण,” असे रखमी त्यांना तेव्हापासून ऐकवत आली. अण्णा त्यालाही मान डोलावत.

पण भिडस्त माणसाची खरी परीक्षा परक्या पंगतीत होत नाही, घरच्या ताटावर होते. ती सुरू झाली अठ्ठ्याण्णव साली, संदेशचे लग्न झाले तेव्हा.

सून पूजा डोंबिवलीची. पोरगी गोड, हसरी. पण सापगावात आल्यापासून तिचे हसणे माहेरी राहिले असावे. संदेश कल्याणला औषधांच्या गोदामात कामाला. उजाडायच्या आत तो एम-एटी मोपेडवरून आसनगाव स्टेशन गाठी, आणि रात्री वळणावर त्या गाडीचा फटफटाट ऐकू आला की अण्णा पडवीत पाय पसरत. तो आवाज कानावर पडल्याशिवाय त्यांना घास गोड लागत नसे की झोप येत नसे. एकुलत्या एका मुलाच्या बापाचे सारे सुख त्या फटफटाटात मावलेले होते.

आणि लग्नाला महिना होतो न होतो तोच, पडवीत पडल्या पडल्या त्यांच्या कानावर आतले बोलणे आले.

“मला नाही रमायचं इथे,” पूजा रडत होती. “दिवसभर बोलायला कोणी नाही, करायला काही नाही. कल्याणला खोली बघ ना.”

“बघू,” संदेश म्हणाला. मुलगा बापाच्या वळणावर गेला होता. त्यालाही नाय म्हणता येत नव्हते.

अण्णा अंथरुणावर उठून बसले. वळणावर एम-एटी वाजली नाही, तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी पूजाने डोळे पुसले, पदर खोचला आणि लग्नातली खोकी उघडली. आहेर तर उदंड आला होता: लेमन सेट, कॅसरोल, भिंतीवरची घड्याळे, आणि मस्कतला असलेल्या तिच्या भावाने, वाल्मिकने, धाडलेले एक अजब गाठोडे. त्यात झाकणाला काच असलेला गोल ओव्हन होता, मापाचे कप होते, अंडी फेटायचे यंत्र होते, पिझ्झा कापायचे चाक होते आणि छातीवर हसणारा टोमॅटो छापलेला एप्रन होता. शिवाय पाककृतींच्या कात्रणांचा एक गठ्ठा पूजाने माहेरून आणला होता. अण्णा जेवायला बसले तर ताटात भात नाही, भाकर नाही. पांढऱ्या रंगात बुडालेल्या आखूड नळ्या!

“मॅकरोनी आहे बाबा. व्हाइट सॉसमधली. इटलीची.”

अण्णांनी एक नळी तोंडात घातली. निवडणुकीची पत्रके चिकटवायला खळ करतात, त्या खळीची चव त्यांनी लहानपणी एकदा चाखली होती. तिची आठवण झाली. त्यांनी वर पाहिले. पूजा ओठ दाताखाली धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर सापगावात आल्यापासून पहिल्यांदाच कसली तरी आशा होती.

“झकास!” अण्णा म्हणाले. तेवढ्यावर थांबते तरी निभावते. पण भिडस्त माणूस एका पायरीवर घसरून थांबत नाही. “असं कदी खाल्लंच नव्हतं. उद्या पन कर गो पोरी.”

पूजा हसली. अण्णांच्या घशाखाली नळी उतरली आणि जन्मठेप सुरू झाली.

त्यानंतरची चार-पाच वर्षे दामूअण्णांनी पडवीतल्या पाटावर बसून जगाचा प्रवास केला. सोमवारी चीन, मंगळवारी मेक्सिको, बुधवारी पुन्हा इटली. नूडल्स चमच्यावर चढेनात तेव्हा त्यांनी त्या भाताच्या पेंढीसारख्या वळून तोंडात कोंबल्या. रशियन सॅलड थंडगार आले तेव्हा गरम करायचे राहिले असावे असे वाटून ते बराच वेळ वाट पाहत बसले. ओव्हनमध्ये केक ठेवला की नेमकी लाइट जाई. मग रखमी सुनेला हाताने बाजूला सारून ते भांडे चुलीवर चढवी, झाकणावर निखारे ठेवी, आणि केक खाली कोळसा, वर कोळसा अन् मधे पिठले असा तयार होई.

“झकास!” अण्णा म्हणत.

बाकी वाल्मिकच्या भेटींचे रखमीने चीज केले. पिझ्झ्याच्या चाकाने शंकरपाळ्या कातल्या, फेटायच्या यंत्राने ताक घुसळले, आणि हसरा टोमॅटो मिरचीच्या वाफ्यात बुजगावण्याच्या छातीवर चढवला. त्याला कावळे भीत नसत, पण बघायला नक्की येत.

रखमीने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले होते, “मला बाय ते पचत नाय, मी आपली भाकर खाईन.” संपले! कोणाला राग नाही की लोभ नाही. अण्णांना तिचा हेवा वाटे. तांदळाची गरम भाकर, वालाची आमटी आणि भाजलेले सुकट यांचा वास स्वयंपाकघरातून पडवीत येई आणि ते पाटावर पांढऱ्या नळ्या मोजत बसत. बायकोच्या कानात सांगावे, तर रखमीच्या पोटात तीळ भिजत नसे. सकाळी सांगितलेले दुपारी पाणवठ्यावर, आणि संध्याकाळी सुनेच्या कानात.

उलट तीच टोमणे मारी. “तुमाला आता आमची भाकर कशाला गोड लागंल? तुमी साहेब झालाव.”

“तसं नाय गो,” एवढेही अण्णांच्या तोंडून निघत नसे. त्यात ‘नाय’ होते ना!

एका पाडव्याला अण्णांनी विचार केला, सुनेला आपणही काही द्यावे. शहापूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानातून त्यांनी एक काळाभोर नॉनस्टिक तवा घेतला. आता भेटीच्या भांड्यावर नाव घालायचे नाही, तर ती भेट कुणाची हे भांड्याला तरी कसे कळणार? शेटजींनी यंत्र हातात घेतले.

“बाहेरून घालू?”

“बाहेर काजळी बसंल. आत घाला, मधोमध. ठसठशीत.”

शेटजी गिऱ्हाइकाशी वाद घालणाऱ्यांतले नव्हते. यंत्र कर्र कर्र वाजले आणि तव्याच्या काळ्या तुकतुकीत पोटावर अक्षरे उमटली: ‘चि. सौ. पूजा हिस सप्रेम. दामू हिरू गोजर, सापगाव.’

दुसऱ्या दिवशी पूजाने त्यावर पॅनकेक घातला. पीठ सगळीकडून सुटले, पण अक्षरांत जाऊन जे बसले ते बसलेच. उलथन्याने ओढता ओढता केकच्या चिंध्या झाल्या आणि तव्यात पांढऱ्या अक्षरांत ‘दामू हिरू गोजर’ तेवढे शिल्लक राहिले. पूजा हसत हसत खालीच बसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. रखमी हसली, रात्री आलेला संदेश हसला. अण्णांना का हसताहेत ते नीट उमगले नाही. पण पोरगी हसते आहे म्हणजे पोरगी राहते आहे, एवढे त्यांना पुरले. चिंध्या त्यांनी वाटीत घेऊन चमच्याने खाल्ल्या.

“झकास!”

असे करता करता दोन हजार तीन साल उजाडले. अण्णांचे वजन घटले होते, पण वळणावर एम-एटी रोज वाजत होती. सौदा वाईट नव्हता. आणि एका रविवारी संदेश पाटासमोर येऊन बसला.

“बाबा, कल्याणला फ्लॅट बघितलाय. पुढच्या महिन्यात जायचं म्हणतो.”

अण्णांच्या हातातला चमचा थाळीत पडला. “का रे? पोरीला हितं बरं नाय वाटत?” भीतीच्या भरात तोंडातून ‘नाय’ निघून गेले, तेही कळले नाही.

“मला आता छान वाटतं बाबा,” पूजा पुढे आली. “तुमच्यासाठीच चाललंय सगळं. इथे चीज मिळत नाही. शहापूरहून आणलं तर जीपमध्ये वितळतं. लाइटचा हा असा खेळ. तुम्ही किती आवडीनं खाता, आणि मी तुम्हाला धड एक पिझ्झा घालू शकत नाही. कल्याणला बिल्डिंगच्या खालीच सगळं मिळतं. तुम्ही दोघांनी यायचं, कायमचं. निदान रविवारी तरी.”

अण्णांनी थाळी बाजूला सारली. ज्या नळ्यांच्या दोरीने त्यांनी हे घर बांधून ठेवले होते, त्याच नळ्या आता ते ओढून नेत होत्या! आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी सगळा धीर गोळा केला. कानशिले तापली, मिशीला घाम फुटला.

“पोरी,” ते म्हणाले, “मला ते आवडत नाय.”

पूजा जवळ येऊन बसली.

“काय नाही आवडत?”

“पांढरं. नळ्या. ते चीज. काहीच नाय आवडत. पयल्या दिसापास्नं नाय.”

पूजा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती संदेशला म्हणाली, “बघितलंस? आपल्याला त्रास नको म्हणून कसे बोलताहेत! आवडीचं सोडायला निघाले माझ्यासाठी!”

“अगो पोरी, खरंच सांगतो...”

“ऱ्हावं द्या,” रखमी म्हणाली. “चार वर्सं वाटी चाटून पुसून खातंय मानूस, आन म्हनतंय आवडत नाय! खोटं बोलाया बी येत नाय तुमाला.”

जन्मभर एकदा ‘नाय’ म्हटले, आणि त्यावर कुणाचा विश्वास नाही! अण्णांनी हताशपणे तिघांकडे पाहिले. त्या दिवशी संध्याकाळी पूजाने दुप्पट मॅकरोनी केली. अण्णांनी दुप्पट खाल्ली.

पुढल्या महिन्यात टेम्पो आला. लेमन सेट गेले, ओव्हन गेला, तवाही गेला. एम-एटी संदेशने विकून टाकली. कल्याणात तिचे काम नव्हते. जाताना पूजा मॅकरोनीची पाकिटे आणि पांढऱ्या सॉसची कृती रखमीच्या हवाली करून गेली, आणि रखमी ते रोज रांधून अण्णांपुढे ठेवू लागली.

रखमीला खाचरे आणि कोंबड्या सोडवेनात. म्हणून रविवारी अण्णा एकटेच कल्याणला जाऊ लागले. नको म्हणायची सोय नव्हतीच. पहिल्या रविवारी रखमीने त्यांच्या पिशवीत फडक्यात बांधून भाकरी आणि सुकटाची चटणी दिली. “वाटंत भूक लागली तर खा.” वाटेत लोकांसमोर फडके सोडायची अण्णांना लाज वाटली. ‘फ्लॅटवर मागून घेऊ’ असे त्यांनी मनाशी पक्के केले. पण दार उघडताच पूजाने ते गाठोडे हातातून काढून घेतले, त्यांना टेबलाशी बसवले आणि समोर पांढऱ्या सॉसची मोठी वाटी ठेवली. वर चीज होते, आणि ते वितळलेले नव्हते, हवे तसे किसलेले होते.

“खा बाबा, मी आलेच.”

सापगावच्या घरी पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये भिंत होती. पुरुषांची पाने उठली की बायका आत जेवत. काय जेवतात ते बघायला अण्णा कधी आत गेले नव्हते. फ्लॅटला तसली भिंत नव्हती. टेबलाशी बसून ओटा सरळ दिसत होता. अण्णांनी चमचा उचलता उचलता तिकडे पाहिले.

ओट्याशी पूजा आणि संदेश पाठमोरे उभे होते. फडके सुटले होते. पूजा भाकरीचा तुकडा मोडून चटणीला लावत होती, आणि बोटे चाखत होती.

“हळू खा गं,” संदेश कुजबुजला.

“किती दिवसांनी मिळतेय!” पूजा तोंडात घास धरून म्हणाली. “तिकडे आईंबरोबर रोज खायचे. ते पांढरं तर मी बाबांसाठीच करायचे. मला कुठे जातंय ते!”

अण्णांचा चमचा हवेत राहिला. आता खाकरावे, तर पोरे चोरी पकडल्यासारखी ओशाळतील. काही मागावे, तर फडक्यात उरले ते किती! त्यांनी मान खाली घातली आणि चमचा तोंडात नेला.

“झकास झालंय गो पोरी!” त्यांनी मोठ्याने सांगितले.

पूजा तोंड पुसत लगबगीने आली. “अजून वाढू?”

“वाढ.”

संध्याकाळी ते घरी परतले तेव्हा रखमी आमटी ढवळत होती. अण्णा पहिल्यांदाच पडवी ओलांडून आत आले आणि चुलीपाशी टेकले.

“पूजा हितं रोज भाकर खायची?”

“माज्याबरोबर. सुकट म्हंजे जीव की प्राण.”

“मग मला बोलली नाय?”

“तुमी कदी इचारलंत? तुमाला पांढरं आवडतंय म्हनून रांधायची बिचारी, मी काय बोलू?”

“मला आवडत नव्हतं,” अण्णा म्हणाले. “पोरं ऱ्हावीत म्हनून झकास म्हनायचो.”

या खेपेला रखमीने त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिले. त्यांचा तो थकलेला, उतरलेला चेहरा पाहून तिला पटले. तिने पळी खाली ठेवली आणि परात पुढे ओढली. बाहेर वळणावर अंधार पडला होता आणि अण्णांचे कान सवयीने तिकडे लागले होते. तिकडे रातकिडे तेवढे किरकिरत होते.

मग रखमीने भाकर थापली, भाजली, ताटात वाढली, वर आमटी ओतली आणि ताट त्यांच्यापुढे सरकवले. चार-पाच वर्षांत इतका सुंदर वास त्यांच्या इतक्या जवळ आला नव्हता. अण्णांनी घास घेतला. डोळे मिटले. तोंड भरून शब्द आला.

“झकास!”

ताट ओढून घेतल्याचा आवाज झाला. अण्णांनी डोळे उघडले. रखमी कमरेवर हात ठेवून उभी होती.

“खरं बोला,” ती म्हणाली. “तीस वर्सं माज्या आमटीला झकास म्हनताव. ते बी असलंच का?”

“नाय गो! ही खरीच झकास...”

“बास झालं,” रखमी म्हणाली, आणि ताट उचलून चुलीपलीकडे ठेवले.