लेकीला हरवणारी आज आमच्याकडे जेवायला आहे!

मंडळी, आज जळगावात व्यावसायिक महिला टेनिस स्पर्धेत माझी लेक सई एकेरीचा सामना खेळली. एवढ्या मोठ्या स्पर्धेतला तिचा हा पहिलाच सामना, म्हणून माझे सासरे, नाना, खास अमळनेरहून आले होते.

टेनिस बघताना गप्प बसायचं असतं, हे नानांना कोण सांगणार? सईनं सर्व्हिससाठी चेंडू उडवला की हे ओरडायचे, "हान बेटा!" पंचांनी तंबी दिली. सई आधी लाजली, मग तिला हसू फुटलं, आणि पहिला सेट गमावलेल्या पोरीनं दुसरा चक्क जिंकला!

तिसऱ्यात मात्र हरली. समोरची मणिपूरची मुलगी जबरदस्तच खेळली. सई टॉवेलमध्ये तोंड लपवून रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, तोवर नाना त्या मुलीपाशी पोहोचलेसुद्धा.

"तुना संगे कोनी नही का?"

तिला काही कळेना. शेवटी सईनंच डोळे पुसत हिंदीत विचारलं, "आजोबा विचारताहेत, एकटीच आलीस का?"

"हो, मी नेहमी एकटीच असते," ती म्हणाली.

"मंग चाल, घर जेवाले!"

आत्ता ती भरीत-भाकरी खातेय आणि सई तिच्याकडून बॅकहँड समजून घेतेय. उद्या तिची दुसरी फेरी. नानांनी फर्मान काढलंय, "आपन बठ्ठा जाऊत!" म्हणजे आम्ही सगळेच जाणार.

आईचं मन अजून थोडं रुसलंय, पण उद्या टाळ्या तिच्यासाठीच वाजवणार. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतं?