अठरा आकड्यांचे वाटे

असोद्याच्या नवल चौधरीला गावात कोणी खुळा म्हणत नाही, कारण तो कामाला चोख आहे. पण रविवारी दुपारी त्याच्या माडीवर तीन मोठी माणसं चटईवर बसून नसलेल्या जंगलात हिंडतात, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे.

नवल जळगावजवळच्या केळी पिकवण्याच्या चेंबरवर कामाला. हिरव्या फण्या आत ठेवायच्या, दार लावायचं आणि चौथ्या दिवशी उघडलं की सगळं पिवळं. आत पंख्यांची एकसुरी घरघर असते, थंडावा असतो, आणि त्या थंडाव्यात नवलचं मन सुटतं. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवर त्याने पाहिलं, की परदेशात माणसं टेबलाभोवती बसून फासे टाकतात आणि गोष्टीतली माणसं होतात. त्याला ते फार आवडलं. सगळे नियम काही कळले नाहीत. कळले तेवढे वहीत उतरवले, उरलेले स्वतः रचले. राजवाड्यांच्या जागी सातपुडा आला, नदीच्या जागी तापी. गोष्ट सांगणारा नवल. खेळणारे तिघं: त्याची बायको मोनाली, शेजारचा मोटरसायकल मेकॅनिक छगन आणि नवलची चुलतबहीण कामिनी.

कामिनीचं स्टँडजवळ साडीला फॉल-पिको करायचं दुकान. लहानपणी पोलिओ झाला, तेव्हापासून डाव्या पायात लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर. ती आधी पाय सरळ करून भिंतीला टेकायची, आणि मग गोष्टीत शिरायची ती इतकी खोल, की चहा पुढे ठेवला तरी तिला कळायचं नाही.

दिवाळीनंतर नवी गोष्ट सुरू व्हायची होती, म्हणून नवी पात्रं करायची होती. प्रत्येक पात्राला सहा गुण: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि माणसांवर पडणारी छाप. नवलचा नियम साधा होता. एकेका गुणासाठी तीन फासे टाकायचे, बेरीज येईल तो आकडा. पडलं ते पडलं.

"या वेळी मले धावणारी बाई करायची आहे," कामिनी म्हणाली. हे तिने इतकं सहज म्हटलं, की मोनालीने मान खाली घातली.

छगनला सतरा पडले, सोळा पडले. गडी मांडीवर थाप मारून हसला. मोनालीचं बेताचं जमलं. बाकीचे पाच गुण टाकून झाल्यावर कामिनीने शेवटी चपळाईसाठी फासे टाकले. एक, एक आणि दोन. चार!

आणि इथे नवलने आयुष्यात करू नये ते केलं. "फासा चहाच्या ताटलीला लागला," तो म्हणाला, "पुन्हा टाक."

कामिनीने त्याच्याकडे पाहिलं. "फासा कुठीच लागला नाही, नवलभाऊ. मले दिसते. पायासाठी लोकं बसमध्ये जागा देतात ती घेते मी. इथं नको देऊ."

ती काठी घेऊन एकेक पायरी उतरत गेली. पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही.

नवलला चेंबरमध्ये चैन पडेना. पंखे घरघरत होते आणि प्रत्येक क्रेटवर त्याला तो चारचा आकडाच दिसत होता. फासे खोटं बोलले नव्हते, खोटं तोच बोलला होता, हे त्याला कळत होतं. पण खऱ्या फाशांनी एकाच्या पदरात सगळं आणि दुसरीच्या पदरात हे टाकावं, यालाही तो न्याय म्हणू शकेना. सगळ्यांना सारखेच आकडे द्यावेत तर गंमत गेली. मग फासे कशाला?

थंडाव्यात डोळा लागला आणि त्याला बाप दिसला, तोतारामआबा. भावाभावांची शेतं वाटायला आबांना पाच गावांत बोलावणं असे. बांधावर धोतर सावरून ते एवढंच विचारत, वाटे कोण पाडतो? आणि पाडणाऱ्याला सांगत, बाबा, तू शेवटी उचलायचं. मग तो माणूस विहीर, बांध, मुरमाड तुकडा असं काही तोलून पाडायचा की बघत राहावं.

नवल जागा झाला तो हसतच.

शनिवारी तो कामिनीच्या दुकानात गेला. "मी खोटं बोललो," म्हणाला. "चूक झाली. उद्या ये. कोणालेच काही फुकट मिळणार नाही." तिने मशीन थांबवलं नाही, पण मान हलवली.

रविवारी नवलने तिघांचे अठरा आकडे चिठ्ठ्यांवर लिहून सुपात ओतले. छगन उसळला. "माह्यं नशीब मी काहून वाटू?"

"त्याच्या बदल्यात पहिला वाटा तू उचल," नवल म्हणाला. मोनालीने दुसरा नंबर घेतला. छगन कुरकुरत तयार झाला.

"वाटे मी पाडते," कामिनी म्हणाली.

नवल तिला अडवायला पुढे सरकला. म्हणजे शेवटचा वाटा हिचा! पण तिने चिठ्ठ्या केव्हाच पसरल्या होत्या. बऱ्याच वेळाने तीन वाटे पडले. बेरजा अडुसष्ट, अडुसष्ट आणि सदुसष्ट. पहिल्यात सर्वांत मोठा आकडा सोळा होता, दुसऱ्यात पंधरा. तिसऱ्यात सतरा, आणि त्याला चिकटून ते चार.

छगनचा हात सतराकडे गेला, चारवर अडला आणि मागे आला. त्याने सोळावाला वाटा उचलला. मोनालीनेही चारकडे पाहून पंधरावाला घेतला. तिसरा वाटा कामिनीपुढे राहिला.

कामिनीला हे आधीच ठाऊक होतं. चार घेऊन जगायची सवय त्या माडीवर एकटीलाच होती.

आकडे कुठे लावायचे ते आता ज्याचे त्याने ठरवायचं होतं. तिने सतरा चपळाईपुढे लिहिले आणि चार बळापुढे. "वजन उचलायले छगन आहे ना," म्हणाली, आणि छगनही हसला.

नवलने डोळे मिटून गोष्ट सुरू केली. सातपुड्यातल्या पालच्या जंगलातली दुपार, सागाची वाळलेली पानं, आणि वरून नाल्याला पाणी येतंय. पलीकडच्या काठावर एक पोरगी अडकली आहे. काय करता?

छगन दोर शोधू लागला. मोनालीने पाणी किती खोल ते विचारलं.

"मी पयते," कामिनी म्हणाली.

तिने पळण्यासाठी फासे टाकले. अकरा. सतराच्या आत, म्हणजे जमलं. नवल पुढचं सांगू लागला, तशी तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"पोरीपर्यंत लगेच पोचवू नको, भाऊ. थोडं पयू दे."

मग नवल काठाकाठाने वाट लांबवत राहिला, आणि चहा निवेपर्यंत तिला कोणी थांबवलं नाही.