पाच घरांचं पीठ

शालिनीताईंना कुणी वेडी म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. शिंदे की छावनीत, उत्तरेतल्या या जुन्या मराठी वस्तीत, आमची दारं समोरासमोर. सून म्हणून आले तेव्हापासून मी या बाईला पाहतेय. नई सडकेवरच्या दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको करून तिनं घर ओढलं. तिचे यजमान जगदेवराव बस डेपोत मेकॅनिक होते. ते अकाली गेले तेव्हा दिवस-वार होईतो तेवढं मशीन बंद राहिलं, मग पुन्हा सुरू. वेड्या बायका असा संसार करतात होय?

तिची पहिली दोन बाळं पाळण्यातच गेली. तिसऱ्या खेपेला सासूनं तिला गल्लीतल्या ताजियासमोर, मोहरमच्या ताबुतासमोर, उभं केलं आणि वदवून घेतलं, "इमामसाहेब, हे जगू दे. तुमचा फकीर करीन." आमच्यात तेव्हा कुणाला याचं नवल नव्हतं. छावनीतल्या कितीतरी मराठ्यांच्या घरी मोहरमचे नवस असत. गणपतीचे मोदक आणि ताजियाचा मलीदा एकाच चुलीवर होई, आणि देवांची काही तक्रार नव्हती.

सौरव झाला आणि जगला. मोहरम आला की ती त्याला हिरवा सदरा घालायची, गळ्यात झोळी अडकवायची आणि पाच घरी पीठ मागायला पाठवायची. माझ्या दारात तो बोबडं "इमाम के नाम पे" म्हणायचा. मी मेली मुद्दाम दोनदा म्हणायला लावायची. त्या पिठाच्या पोळ्या, त्या गूळ-तूप घालून कुस्करायच्या, की झाला मलीदा. ताजिया दारी थांबला की तो चढवायचा. पुढे सौरव मोठा झाला, लाजू लागला, तेव्हा आम्हीच मूठमूठ पीठ तिच्याकडे पोचवू लागलो. सासूनं मात्र बजावलं होतं, आई आहे तोवर नवस चुकवायचा नाही. पीठ आलं नाही तर आईनं स्वतः झोळी घ्यावी. नाहीतर दिलेलं परत जातं. तुम्ही-आम्ही हसू यावर. दोन बाळं मातीत ठेवून आलेली बाई हसत नाही.

सौरवनं मोबाइलचं दुकान टाकलं, आणि मग मोहल्ल्यातल्या एका नव्या मंडळाचा अध्यक्ष झाला. गळ्यात गमछा, मागे पोरांचं लटांबर. "काकू, आपण आजवर झोपलेलो होतो," असं मला, त्याला मांडीवर न्हाऊ घातलेल्या बाईला, तो शिकवू लागला. यंदा त्याच्या मंडळानं हट्टानं ताजियाला आमची गल्ली बंद करवली. घरोघर सांगूनही ठेवलं, की आईला पीठबीठ द्यायचं नाही.

त्याची बायको रुचिका तेव्हा पोटुशी होती. शालिनीताईंचा जीव टांगणीला लागला. मला म्हणाल्या, "वहिनी, तो नाही म्हणतोय. पण त्याचाच तर जीव आहे ना यात. आणि आता त्या पोटातल्याचाही."

मोहरमच्या दिवशी दुपारी हिरवी ओढणी डोक्यावर घेऊन, गळ्यात झोळी घालून त्या निघाल्या. पहिलं घर माझं. मी ओंजळभर घातलं आणि मागोमाग चालू लागले. कोपऱ्यावरच्या माधवरावांनी, त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पुरोहितपण, दार किलकिलं करून पीठ टाकलं आणि "लवकर जा, कुणी बघेल" म्हणत कडी लावली. तिसऱ्या घरात टीव्ही चालू होता, तो आमची चाहूल लागताच बंद झाला. दार काही उघडलं नाही.

मग त्या रमजानीचाचांच्या घरी गेल्या. चाचांनी जन्मभर ताजिये बांधले. ते गेल्यावर त्यांच्या मुलानं, अनीसनं, ते काम सोडलं होतं. तो दारात आला, बोलला अगदी अदबीनं. "अम्मा, हमारे यहाँ अब ये सब गुनाह मानते हैं. अब्बा को इल्म नहीं था. बुरा मत मानिएगा."

शालिनीताईंनी झोळीचं तोंड मिटलं. तिकडे मुलाला हे मुसलमानांचं वाटत होतं, इकडे अनीसला हे हिंदूंचं. मग ते होतं तरी कुणाचं? माझ्या तोंडाशी शिव्या आल्या होत्या, दोघांसाठीही.

परत वळलो तर चौकात मंडळाची पोरं. एकानं मोबाइल समोर धरलेला. "अरे, ये तो अध्यक्षजी की माताजी हैं!" गर्दी जमली. सौरव धावत आला. त्यानं आधी झोळी पाहिली, मग पोरांची तोंडं पाहिली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"भैया, ये किसकी मन्नत है?" एकानं विचारलं.

सौरव म्हणाला, "दिमाग़ ठीक नहीं है इनका. कब से इलाज चल रहा है."

आता ही बोलेल, असं मला वाटलं. एक वाक्य पुरे होतं. "अरे, तूच तो फकीर." माझ्या तर जिभेवरच आलं होतं. पण शालिनीताईंनी माझं मनगट घट्ट आवळलं. लेकाकडे पाहिलं. मग ओढणी घसरू दिली आणि भेदरल्यासारखं म्हणाल्या, "बाळा, माझं घर कुठंय रे? मला सापडेना."

पोरं ओशाळली. मोबाइल खाली गेला. सौरवनं आईचा हात धरून तिला घरी नेलं, आणि सगळे म्हणाले, बिचारा किती करतो आईचं.

तेव्हापासून त्या वेड्याच आहेत. सौरव गोळ्या आणतो, त्या मुकाट्यानं गिळतात. दुकानदारांनी साड्या देणं बंद केलं. माझ्यापाशी एकट्या असल्या की अगदी पहिल्यासारख्या बोलतात. मी चिडून विचारलं, "का सोसता हे?" तर म्हणाल्या, "त्या पोरांना कळलं असतं तर त्यांनी त्याला कुठंच ठेवलं नसतं, वहिनी. त्याला जगवायचं, एवढंच मला येतं."

मागच्या महिन्यात रुचिकाला मुलगी झाली. मी बघायला गेले. सौरव मला दारातच हळू आवाजात सांगत होता, बाळ आईच्या हातात द्यायचं नाही, तिचा काही भरवसा नाही. शालिनीताईंनी ते ऐकलं. त्या पाळण्यापासून लांब, भिंतीला टेकून उभ्या होत्या. बाळ रडू लागलं. त्यांचे हात आपसूक पुढे झाले. रुचिकानं बाळाला चटकन उचलून छातीशी धरलं.

"मी कुठं घेतेय गं," शालिनीताई म्हणाल्या, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.