फ्रीजरमधले पस्तीस जानेवारी

आमचे हे जाऊन तेरा महिने झाले, पण देशभरातल्या दीडशे प्रयोगशाळांत अजून रोज सकाळी त्यांना बाहेर काढतात. थोडं वितळू देतात, एक थेंब घेतात आणि आजारी माणसाचं रक्त त्यांच्या रक्ताशेजारी ठेवून बघतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला होता. सवय झाली असेल म्हणाल, तर नाही, अजून येतो.

रोगप्रतिकारशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत हे शिपाई होते. नाव एवढं लांबलचक आणि सगळा कारभार दोन खोल्यांचा, एकीत टेबल, दुसरीत फ्रीजर. अकरा डॉक्टरांनी मिळून संस्था काढली, कारण एका गावात आजारी ठरलेला माणूस दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेत ठणठणीत निघायचा. ज्याची त्याची मोजपट्टी वेगळी. मग ठरलं, मोजपट्टी सगळ्यांना एकच, एकाच निरोगी माणसाच्या रक्ताची. पहिल्या वार्षिक सभेत असा माणूस शोधायला लागले, तर एकाला दमा, एकाला साखर, एकाला सांधेदुखी. अकरा डॉक्टर आणि एक धड नाही! दारात चहाची किटली घेऊन आमचे हे उभे. मोठे डॉक्टर म्हणाले, "तू कधी शिंकलेलासुद्धा आठवत नाही रे मला. कर बाही वर."

तेव्हापासून दर जानेवारीत सभा सुरू व्हायची ती यांच्या दंडात सुई टोचून. नळीवर नाव नाही, फक्त 'नॉर्मल' आणि साल. यांचा तोरा काय सांगू! जेवताना म्हणायचे, "अख्खा देश मला प्रमाण मानतो. मी खारट म्हटलं की खारट."

एकदा मला फ्रीजर दाखवला. झाकण उघडलं तशी पांढरी वाफ पायांवर उतरली. ओळीनं नळ्या. "हा लग्नाच्या वर्षीचा मी. हा मुलगी झाली त्या वर्षीचा." पुढे बोट सरकलं आणि आठव्या नळीवर त्यांनी सबंध पंजा ठेवला. मला वाटलं, पोरीच्या आठवणीनं. मी म्हटलं, "बंद करा बाई ते, सगळे मिळून माझ्याकडे बघताहेत." एरवी हसले असते. तेव्हा हसले नाहीत.

मुलगी. तेही सांगायलाच हवं. चार वर्षांची होती. माझ्या भावाच्या लग्नाला ती आली नाही, बापाचं शेपूट ते. आठ दिवस यांनीच तिला आंघोळ घातली, भरवलं, झोपवलं. माझ्या माहेरच्या गल्लीत तेव्हा मुदतीचा ताप होता. मी परत आले आणि चौथ्या दिवशी तिचं अंग तापलं. एकविसाव्या दिवशी गेली. सासूबाई म्हणाल्या, "माहेराहून ताप आणलास आणि स्वतःच्या हातानं पोरीला भरवलास." हे मान खाली घालून बसले. मीही ते खरं मानलं. नाही मानून करते काय?

दोन वर्षांनी मुलगा झाला. त्याला मी एक घास भरवला नाही. उकळलेलं अन्न चालेल, पण माझी बोटं नकोत. ताट वाढायचं आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. भरवायचे हे. पोरगं आधी माझ्याकडे बघून आ करायचं. मी भिंतीकडे बघायचे. पुढे पुढे ते आपोआप बापाकडेच तोंड वळवायला लागलं.

गेल्या महिन्यात संस्थेच्या आताच्या सचिव, तरुण डॉक्टरीणबाई, कागद घेऊन घरी आल्या. म्हणाल्या, "एकाच माणसाचं सलग पस्तीस वर्षांचं रक्त दुसरीकडे कुठेच नाही. शरीर आजार किती वर्षं लक्षात ठेवतं, ते यातून शिकता येईल. फक्त तुमची सही हवी."

"रक्त कसलं लक्षात ठेवतंय?"

"आजार अंगात शिरला की त्याला ओळखणारं द्रव्य रक्तात तयार होतं. बर्फात ठेवलं तरी ते ओळख विसरत नाही. त्या जानेवारीपर्यंत अंगात काय शिरलं होतं, ते त्या नळीला बरोब्बर ठाऊक असतं. ओळख पटली की थेंब रंगतो."

मी पेन खाली ठेवलं. आठवी नळी माझ्या माहेरी जाण्याच्या चार महिने आधीची. ती कोरी निघाली आणि नववी रंगली, तर ताप मीच आणला. आठवीच रंगली, तर ताप आधीपासून घरात होता. अठ्ठावीस वर्षं मी जे उशाला घेऊन झोपले, ते त्या फ्रीजरमध्ये लिहून ठेवलेलं होतं!

"आधी मुदतीच्या तापाचं बघा," मी म्हटलं. "माझ्यासमोर. मग सही."

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेले, भर दुपारची वेळ. पांढऱ्या ताटलीत बारीक बारीक खळगे, पस्तीस थेंब. ज्याला ताप ओळखू येईल तो पिवळा होणार. खोलीत आम्ही दोघीच, पण मला मानेवर कुणाचा तरी श्वास जाणवत होता. मेलेला माणूस पस्तीस तोंडांनी उत्तर द्यायला बसला होता. पहिले पाच कोरे राहिले. सहावा पिवळा झाला. सातवा. मी डोळे मिटले, उघडले. आठवा पिवळाधमक.

"आई गं!" मी ताटलीवर वाकले. मी नव्हते. अगं पोरी, मी नव्हते.

डॉक्टरीणबाई सांगत होत्या, काही माणसं तापाचे जंतू वर्षानुवर्षं अंगात बाळगतात आणि स्वतः धडधाकट राहतात. पाचव्या वर्षी संस्थेची माणसं तापाच्या गावी रक्त गोळा करायला गेली होती, पेट्या यांनीच उचलल्या होत्या. "त्या एका तापापुरते ते नॉर्मल नव्हते," त्या म्हणाल्या.

म्हणजे तो हात! पोराच्या तोंडात रोज तोच हात जात होता, आणि मी माझे निर्दोष हात मांडीखाली दाबून बघत बसले होते. पोर वाचलं कसं, देव जाणे. तरी मनात आलं, यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक.

तेवढ्यात बाईंनी ताटली उजेडात धरली. "बाविसाव्यापर्यंत पिवळं आहे. पुढे फिकं होत गेलंय आणि सत्ताविसावा पार कोरा. हे आपोआप होत नाही. पित्ताशय काढलं होतं का त्यांचं? जंतू तिथेच दडतात."

काढलं होतं. बाविसाव्या वर्षीच. मला "खडे झालेत" म्हणाले होते. मोठे डॉक्टर भेटायला आले की मला चहा आणायला बाहेर पाठवायचे.

बाईंनी फाईल काढली. पिवळट कागद, त्याच वर्षाची तारीख, मोठ्या डॉक्टरांचं अक्षर: 'मुदतीच्या तापाचे जंतू, सहाव्या नळीपासून खूण दिसते. समजावून सांगितलं.' खाली यांची सही, शेवटी नेहमीसारखी शेपटी ओढलेली.

तेरा वर्षं. तेरा वर्षं माझ्या शेजारी झोपले आणि चकार शब्द काढला नाही. सासूबाई तेव्हा हयात होत्या, आल्यागेल्याला माझ्या माहेरच्या तापाची गोष्ट ऐकवायच्या, आणि हे शेजारी बसून पेपर वाचायचे. मला राहवलं नाही. त्या ताटलीवरच ओरडले, "अहो, एक शब्द! एवढा एक शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला?" खळगे पिवळेच राहिले. बाईंनी हळूच दार लावून घेतलं.

सही केली मी. जन्मभर गप्प बसला ना हा माणूस, आता बोलू दे त्याला, दीडशे ठिकाणी.

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. सव्वीस वर्षांचा, दाढीवाला बाप्या. ताट वाढलं, हात धुतले, आणि त्याच्यासमोर बसून घास केला.

"आ कर."

"आई? बरं वाटतंय ना तुला?"

"कर म्हणते ना."

त्यानं आ केला. पण तोंड वळवलं ते बापाच्या रिकाम्या खुर्चीकडे. मी त्याची हनुवटी धरली आणि माझ्याकडे फिरवली.